मळणी यंत्रात मजूर बाईंचा हात गेला : जबाबदारी नेमकी कुणाची? (नोटीस आली आहे)

मांजरा_काठ | १२ जानेवारी २०२६, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. एरवी मी रोमातच (नुसता वाचत) असतो, पण आता तुमच्यापैकी जाणकारांची गरज पडली आहे.

घर लातूर जिल्ह्यात, सहा एकर कोरडवाहू. मी नोकरीनिमित्त पुण्यात, शेती अण्णा (वडील) बघतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात सोयाबीनची मळणी होती. सप्टेंबरच्या पावसानं काय केलं ते सांगायला नको, जे वाचलं ते काढून बनीम (कापलेल्या पिकाचा ढीग) लावली होती. ताडपत्री होती तरी माल दमटच. शेजारच्या गावचा हडंबा (मळणी यंत्र) बोलावला. ट्रॅक्टर आणि मशीन त्याचं, ऑपरेटर त्याचा, दर पोत्यामागे ठरलेला. घास (मशीनच्या तोंडात कापलेलं पीक) घालायला आणि पोती धरायला अण्णांनी गावातल्या चार बायका आणि दोन गडी रोजानं सांगितले. बायकांना ४००.

संध्याकाळी सहाच्या पुढे, शेवटची बनीम चालू असताना, एका काकूंचा उजवा हात घासाबरोबर आत गेला. ऑपरेटर भुसकटाच्या बाजूला उभा होता. तो पळत ट्रॅक्टरपर्यंत येऊन बंद करेपर्यंत जे व्हायचं ते झालं. मनगटाच्या वर दोन बोटं जागेवरून हात काढावा लागला. या काकू मी शाळेत असल्यापासून आमच्या रानात येतात. वय ४०.

दवाखान्याचे ८६ हजार अण्णांनी भरले. मशीनवाल्यानं १० हजार दिले आणि फोन उचलणं बंद केलं. आता परवा वकिलाची नोटीस आली आहे, अण्णांना आणि मशीनवाल्याला दोघांना. कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली ९ लाख आणि वर व्याज. गावातले मोठे लोक म्हणतात, दीड लाखावर मिटवा, स्टँपवर लिहून घ्या, विषय संपेल.

माझा प्रश्न सरळ आहे. मशीन आमचं नाही, ऑपरेटर आमचा नाही, अण्णा त्या वेळी पोती मोजत होते. चूक कुणाची हे उघड दिसत असताना नोटीस आम्हाला का? आणि आम्ही काय कारखानदार आहोत का, कामगार कायदा लावायला?

---

पारावरचा_पाटील | १२ जानेवारी, रात्री ११:०५

दीड लाखात मिटत असेल तर डोळे झाकून मिटवा. कोर्टात गेलात तर वकिलांचीच मळणी होईल.

---

काळा_कोट | १२ जानेवारी, रात्री ११:५८

पाटील, थांबा जरा. हा सल्ला धागाकर्त्याला महागात पडेल. कसा ते खाली येतंच.

मांजरा_काठ, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. नोटिशीतल्या त्या १९२३ च्या कायद्याला कारखाना लागत नाही. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कुणाकुणाला हा कायदा लागू होतो त्याची यादी आहे. तीत ट्रॅक्टरनं किंवा वाफेवर, विजेवर वा इतर यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेती करण्याच्या कामावरचा माणूस असा स्वतंत्र उल्लेख आहे. मळणीच्या मशीनवर घास घालणारी बाई त्यात सरळ बसते.

दुसरी पळवाट लोक शोधतात ती म्हणजे "चार दिवसांचं रोजंदारीचं काम, ती काय आमची नोकर आहे का?" पूर्वी नैमित्तिक स्वरूपाच्या कामावरच्या माणसाला काही परिस्थितीत व्याख्येतून वगळलं होतं. ते शब्द २००० सालच्या दुरुस्तीनं काढून टाकले. एका दिवसाचा रोज असला तरी रोज कुणी सांगितला आणि कुणी दिला, हे बघितलं जातं. तुम्हीच लिहिलंय : अण्णांनी सांगितले, ४०० रुपये.

आता "चूक कुणाची". या कायद्यात तो प्रश्नच बहुतेक वेळा बाजूला राहतो. काम करताना, कामामुळे इजा झाली की मालक भरपाई देणं लागतो. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. बचाव तीनच : मजूर दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली होता, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेली सूचना त्यानं मुद्दाम मोडली, किंवा सुरक्षेसाठी लावलेलं साधन त्यानं मुद्दाम काढलं. इजा त्यामुळेच झाली पाहिजे, आणि मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व असेल तर हे तिन्ही बचाव चालत नाहीत. "बाई, जपून घाला गं" असं म्हणालो होतो, ही स्पष्ट सूचना होत नाही.

अपघात ऑक्टोबर २०२५ चा आहे हे लक्षात ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा कायदा तिच्या सातव्या प्रकरणात गेला, पण तुमच्या प्रकरणाला जुनाच कायदा.

---

मांजरा_काठ | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

धन्यवाद साहेब. झोप उडाली हे खरं. ९ लाख हा आकडा कुठून आला? आणि मशीनवाला सुटला का मग?

---

काळा_कोट | १३ जानेवारी, दुपारी १:३५

आकडा वकिलानं जरा फुगवलाय, पण फार नाही. हिशोब असा.

कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या मजुरीच्या ६० टक्के गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणक. ४० व्या वर्षाचा गुणक १८४.१७. मजुरी महिन्याला १०,००० धरली तर ६,००० गुणिले १८४.१७ म्हणजे ११,०५,०२०. हे पूर्ण अपंगत्वाचं. आता पहिलं परिशिष्ट काढायचं. त्यात शरीराच्या प्रत्येक भागाला टक्केवारी लावलेली आहे, वाचायला बसलं की खाटकाच्या दुकानातला दरफलक वाचतोय असं वाटतं. अंगठा ३०, चार बोटं ५०, तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. पंजा गेला की ६०. म्हणजे ११,०५,०२० चे ६० टक्के, ६,६३,०१२ रुपये.

मजुरीवर भांडण होईल. तुमचे वकील म्हणतील, बाईंना महिन्याला पंधराच दिवस काम मिळतं, ६ हजार धरा. त्यांचे म्हणतील, सुगीत रोज मिळतं, १२ हजार धरा. एका महिन्यापेक्षा कमी काम झालेलं असेल तर त्याच परिसरात तेच काम करणाऱ्याची वर्षभराची मासिक सरासरी बघायची असा नियम आहे. वरची मर्यादा ३ जानेवारी २०२० पासून १५,००० आहे.

आणि त्यांचा वकील हुशार असेल तर ६० टक्क्यांवर थांबणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचा प्रताप नारायण सिंह देव हा डिसेंबर १९७५ चा निकाल आहे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं कमाईचं नुकसान १०० टक्के धरलं गेलं आणि ते न्यायालयानं उचलून धरलं. उजवा हात गेलेली शेतमजूर बाई खुरपं कुठल्या हातानं धरणार, हा प्रश्न तुम्हाला साक्षीला उभं करून विचारला जाईल.

दवाखान्याचे ८६ हजार यातून वजा होत नाहीत. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं वेगळा द्यायचा आहे.

मशीनवाला सुटला का? नाही. पण त्याच्यापर्यंत कायदा वेगळ्या दारानं जातो. काकूंचा मालक अण्णाच. त्यांनी भरपाई दिली आणि अपघात तिऱ्हाइताच्या निष्काळजीपणानं झाला असेल, तर ती रक्कम त्या तिऱ्हाइताकडून वसूल करायचा हक्क अण्णांना कलम १३ देतं. आधी देणं, मग वसूल करणं. हाच क्रम लोकांना पचत नाही.

---

सुगरण_काकू | १३ जानेवारी, दुपारी २:१०

त्या काकूंची तब्येत आता कशी आहे हे कुणीच विचारलं नाही.

---

मांजरा_काठ | १३ जानेवारी, दुपारी २:४८

खरंय. टाके सुकले आहेत. अण्णा परवा जाऊन आले. म्हणाले, डाव्या हातानं चूल पेटवत होती, काडी ओढायला पेटी गुडघ्यात धरली होती. त्यानंतर ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

---

हडंबावाला | १३ जानेवारी, रात्री ९:१५

मी स्वतः मशीन चालवतो, परभणीकडं. आमची पण बाजू ऐका. सीझन दीड महिन्याचा. ट्रॅक्टरचा हप्ता वर्षाचा. शेतकरी म्हणतो आजच्या रात्रीत उरकून द्या, उद्या पाऊस सांगितलाय. आम्ही नाही म्हणलं की दुसरं मशीन बोलावतो. अंधारात, ओल्या मालावर, दिवसभर थकलेल्या बायका. घास घालणारा माणूस शेतकऱ्यानं द्यायचा हा आमच्याकडचा रिवाज आहे, आम्ही फक्त मशीन आणि ऑपरेटर देतो. मग सगळं खापर मशीनवाल्यावर कसं?

एक विचारतो. त्या मशीनच्या घासाच्या तोंडावर झाकण होतं का?

---

मांजरा_काठ | १३ जानेवारी, रात्री ९:४०

झाकण म्हणजे? मला माहीत नाही. अण्णांना विचारून सांगतो.

---

नट_बोल्ट | १३ जानेवारी, रात्री १०:३०

हडंबावाल्यांनी नेमक्या जागेवर बोट ठेवलं. कृषी अभियांत्रिकी शिकलोय, अवजारांच्या चाचणीत काही वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर.

पॉवर थ्रेशरच्या सुरक्षेसाठी भारतीय मानक आहे, आयएस ९०२०. घास जिथून घालतात ती पन्हळ साधारण ९० सेंमी लांब असावी आणि ड्रमकडचा निम्मा भाग, म्हणजे ४५ सेंमी, वरून झाकलेला असावा. कारण अगदी साधं आहे : माणसाचा हात त्या झाकलेल्या बोगद्यातून ड्रमपर्यंत पोचताच कामा नये. घास पुढे सरकतो तो मागच्या घासाच्या रेट्यानं आणि ड्रमच्या ओढीनं. हात आत घालून ढकलायची गरज पडत असेल तर पन्हळीचा उतार चुकलाय किंवा माल ओला आहे.

ओल्या मालाची गोष्ट इथे महत्त्वाची. दमट सोयाबीन झाकणाखाली तुंबतं. मग ऑपरेटर वैतागून झाकणाचे चार बोल्ट काढतो आणि झाकण बाजूला फेकतो. काम झपाझप होतं. पण आता बाईचा हात आणि फिरणारा ड्रम यांच्यामध्ये काहीच नाही. काड्यांत बांगडी किंवा बाही अडकली की ड्रम माणसाला सोडत नाही. पीटीओ (ट्रॅक्टरवरून मशीन फिरवणारा दांडा) बंद केला तरी जड ड्रम लगेच थांबत नाही, थोडा वेळ फिरतच राहतो. ऑपरेटर पळत आला आणि उशीर झाला, हे होणारच होतं.

यावर १९८३ चा केंद्राचा कायदाही आहे, धोकादायक यंत्रे विनियमन कायदा. धोकादायक यंत्र म्हणजे पॉवर थ्रेशर, अशी त्याच्या व्याख्येतच सुरुवात आहे. उत्तरेत गहू मळताना हात तुटण्याचे प्रकार फार झाले तेव्हा तो आला. उत्पादकाला परवाना, मानकाप्रमाणे बांधणी, यंत्रावर माहितीची पाटी, सगळं त्यात आहे. आता तुमच्या तालुक्यातल्या किती हडंब्यांवर पाटी बघितलीत ते सांगा. निम्मी मशीनं वेल्डिंगच्या दुकानात जन्माला आलेली असतात.

---

वैजू_जळगाव | १४ जानेवारी, सकाळी ६:५५

कडबाकुट्टीबद्दल पण कुणीतरी लिहा. माझ्या वडिलांचा डावा हात कडबाकुट्टीत गेला, मी सहावीत होते. स्वतःचंच मशीन, स्वतःचाच गोठा. मालकही तेच, मजूरही तेच. भरपाई मागणार कुणाकडे? आई त्यांच्या सदऱ्याच्या डाव्या बाहीला गाठ मारून द्यायची, म्हणजे ती बाही बैलाच्या शिंगात अडकत नाही. तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं.

---

काळा_कोट | १४ जानेवारी, सकाळी ११:२०

वैजूताई, स्वतःच्या मशीनवर स्वतःला इजा झाली तर १९२३ चा कायदा कामाचा नाही. मशीनमध्येच दोष असेल, धोक्याची सूचना नसेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. तो जुलै २०२० पासून लागू आहे. पण खरेदीची पावती लागते, आणि मशीनमध्ये नंतर फेरफार केला असेल तर समोरचा तेच पुढे करतो.

शेतकऱ्याच्या घरासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ती विमा योजना होती, कंपन्या दावे फेटाळत बसायच्या. एप्रिल २०२३ पासून सरकार स्वतः पैसे देतं. मृत्यू किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक हात वा एक पाय वा एक डोळा गेला तर १ लाख. वय १० ते ७५. सातबारावरचा खातेदार आणि घरातला खातेदार नसलेला एक सदस्य.

मांजरा_काठ, म्हणूनच तुम्हाला विचारतो : त्या काकूंच्या नवऱ्याच्या नावावर थोडी तरी जमीन आहे का? असेल तर त्या इथे बसू शकतात. भूमिहीन मजुराला मात्र ही योजना नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच बाहेर, हे नेहमीचंच. आणि त्यांचं बँक पासबुक बघा. वर्षाला २० रुपये कापले जातात का? ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा. एका हाताला १ लाख.

---

सह्याद्रीकडचा | १४ जानेवारी, दुपारी ४:०२

जरा अवांतर, पण आमच्या भागात अजून सावड चालते. आज तू माझ्याकडं, उद्या मी तुझ्याकडं. पैसा कुणी कुणाला देत नाही, दुपारचं जेवण घालायचं. भात मळताना सावडीला आलेल्या माणसाला इजा झाली तर?

---

काळा_कोट | १४ जानेवारी, रात्री ८:४५

चांगला प्रश्न, आणि याचं छापील उत्तर नाही. मजुरी नाही तर मालक-मजूर नातं दाखवणं अवघड. मजुरीच्या व्याख्येत पैशात मोजता येणारी सवलत धरतात, त्यामुळे परतफेडीचा एक दिवस म्हणजेच मजुरी असा वाद एखादा वकील घालेलही, पण मी त्यावर पैज लावणार नाही. राहतो दिवाणी दावा, आणि तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. सावडीच्या गावात सावडकऱ्याविरुद्ध दिवाणी दावा कोण लावतं?

---

पारावरचा_पाटील | १४ जानेवारी, रात्री ९:३०

सगळे कायदे मजुराच्या बाजूचे. हमीभाव ५,३२८. साडेसहा लाख म्हणजे सव्वाशे क्विंटल सोयाबीन. सहा एकरवाल्याच्या दोन वर्षांच्या राशी, तेही पाऊस नीट झाला तर. मोठ्या कंपनीला आणि माझ्या बापाला एकच माप? शेतकऱ्यानं आत्महत्या करायची का?

---

हडंबावाला | १४ जानेवारी, रात्री ९:४४

पाटील, बरोबर.

---

वैजू_जळगाव | १४ जानेवारी, रात्री १०:१०

पाटील, आकडा मोठा आहे हे मान्य. पण तो हात परत येणार नाही हेही धरा ना हिशोबात. तिला ४० पासून ६० पर्यंत वीस वर्षं रोज मिळाला असता. सव्वाशे क्विंटल तुम्हाला दोन वर्षांचे दिसतात, तिचे वीस वर्षांचे आहेत.

---

नट_बोल्ट | १४ जानेवारी, रात्री १०:२५

मजूर कव्हर करणारी पॉलिसी विमा कंपन्या देतात, कर्मचारी नुकसानभरपाई विमा म्हणून. गावात एजंट ट्रॅक्टरचा विमा विकतो, पण मजुराचा कुणी विचारतही नाही आणि तोही सांगत नाही. पाटलांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

---

मांजरा_काठ | १५ जानेवारी, रात्री ११:३०

ट्रॅक्टरच्या विम्यावरून आठवलं. मशीन ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालत होतं. मग ट्रॅक्टरच्या विम्यातून काही निघतं का?

काकूंच्या नवऱ्याच्या नावावर ३० गुंठे आहेत, पडीक. पासबुक अण्णा उद्या बघतील.

---

काळा_कोट | १६ जानेवारी, दुपारी १२:५०

इथे रान फार झाडीचं आहे, थोडक्यात सांगतो.

ट्रॅक्टर हे मोटार वाहन कायद्यात वाहनच आहे. "वाहनाच्या वापरातून" झालेला अपघात, या शब्दांचा अर्थ न्यायालयांनी सैल घेतलाय. आपल्याच राज्यातलं पुणे-बंगळूर रस्त्यावरचं पेट्रोल टँकरचं प्रकरण आहे, १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. टँकर उलटून काही तास पडून होता, लोक सांडलेलं पेट्रोल भरत होते, मग स्फोट झाला. उभा, उलटलेला टँकरसुद्धा वापरातच होता असं धरलं गेलं. त्या न्यायानं उभ्या जागी पीटीओ फिरवणारा ट्रॅक्टर वापरातच आहे, असं म्हणता येतं.

पण विमा कंपनी दोन गोष्टी पुढे करेल. पहिली, खासगी शेत ही सार्वजनिक जागा नव्हे. दुसरी, पॉलिसी स्वतःच्या शेतीकामाची होती आणि ट्रॅक्टर भाड्यानं फिरत होता. निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. त्यामुळे काकूंनी निव्वळ त्या भरवशावर बसू नये. शिवाय मोटार अपघात दावा आणि नुकसानभरपाई कायद्याचा दावा, दोन्हीकडून घेता येत नाही, एक दार निवडावं लागतं. मोटार दाव्याला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे, इकडे दोन वर्षं आहेत.

तुम्ही एवढंच करा : मशीनवाल्याला लेखी कळवा की त्यानं विमा कंपनीला अपघाताची खबर द्यावी. आणि पॉलिसीची प्रत मागा.

आता पाटलांच्या दीड लाखाकडे. स्टँपवर मिटवायचा बेत (आता ५०० चा लागतो, १०० चा गेला) तीन ठिकाणी फुटतो. हक्क सोडून दिल्याचं लिहून घेतलं तरी कलम १७ प्रमाणे ते रद्दबातल. तडजोड केली तर तिची नोंद आयुक्तांकडे (बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच) व्हावी लागते. नोंद नसेल तर पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहते, आणि दिलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त वजा करून मिळत नाहीत. तिसरी गोष्ट वकिलांनाही पटकन आठवत नाही : इजा झालेली व्यक्ती स्त्री असेल तर एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच भरावी लागते. थेट हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. हे घातलं ते बहुधा नवरा-दीर पैसे उडवतील या भीतीनं. आजच्या बाईला ते अपमानाचं वाटेल, पण कायद्यात आहे आणि इथे तुमच्या अण्णांना लागू आहे. दीड लाख पारावर मोजून दिले असते तर उद्या पुन्हा पहिल्यापासून.

भरपाई अपघाताच्या दिवसापासून देय होते. महिन्याभरात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज. तुमच्या आकड्यावर महिन्याला ६,६०० च्या आसपास. योग्य कारण नसताना लांबवली तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. आकड्याबद्दल वाद असला तरी जेवढं तुम्हाला मान्य आहे तेवढं आधी भरायचं असतं.

---

गुपचूप_वाचक | १६ जानेवारी, दुपारी १:१५

वाखू (वाचनखूण) साठवली. आमच्याकडे पुढच्या महिन्यात हरभरा आहे.

---

मांजरा_काठ | २५ जानेवारी, रात्री १०:०५

उशिरा लिहितोय. शनिवार-रविवार गावी होतो.

घरात भांडण झालं. धाकटा भाऊ म्हणतो, मशीनवाल्याच्या पापाचं आपण का भरायचं, वकील लावून दहा वर्षं काढू. अण्णा म्हणाले, "रोज मी सांगितला. तिला हाक मी मारली." पुढे कुणी बोललं नाही. कर्ज माझ्या पगारावर काढतोय. पहिले दोन लाख पुढच्या आठवड्यात आयुक्तांकडे भरणार, अर्ज तयार आहे. मजुरी किती धरायची यावर आमचा वकील भांडणार आहे, ते मी अडवलं नाही, खोटं कशाला बोलू. मशीनवाल्याला कलम १३ चा उल्लेख करून नोटीस गेली. ऑपरेटरवर पोलिसांत तक्रार झाली आहे, भारतीय न्याय संहितेचं यंत्राबाबत हयगयीचं कलम २८९ आणि १२५ लावलंय म्हणतात. जबाबाला अण्णांनाही बोलावलं होतं.

पासबुकात २० रुपये सापडले, मे महिन्यातले. बँकेत अर्ज दिला. काकूंना ते पैसे कशाचे कापले हे माहीतच नव्हतं. मुंडे योजनेचा ३० दिवसांत द्यायचा प्रस्ताव राहून गेलाय, तरी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे उशिराच्या कारणासह दिला. बघू.

नट_बोल्ट, तुमच्यासाठी. मशीन अजून मालकाच्या वस्तीवर उभं आहे. टेप घेऊन गेलो. मालक घरी नव्हता, त्याच्या आईनं चहा दिला. घासाची पन्हळ ५२ सेंमी भरली. झाकण नव्हतं, पण दोन्ही कडांना बोल्टची चार भोकं होती, आतून गंजलेली. पाटी नाही. झाकण कुठंय म्हणून विचारलं तर म्हातारीनं गोठ्याकडे बोट दाखवलं. वाकवलेला पत्रा, पालथा घालून पाण्याच्या हौदावर ठेवलेला, वर दगड. वासरू पडू नये म्हणून.

फोटो काढलेत. वकिलांना दिले.

---

काळा_कोट | २५ जानेवारी, रात्री १०:४०

फोटो मूळ फाइलसकट ठेवा, नुसते व्हॉट्सअॅपवर पाठवलेले नकोत. भोकं आणि झाकण एकाच माणसाच्या ताब्यात सापडणं तुमच्या वसुलीच्या दाव्याला फार उपयोगाचं आहे. पोलिसांना पंचनामा करायला सांगा, झाकण जागेवरून हलायच्या आत.

---

हडंबावाला | २६ जानेवारी, सकाळी ८:१२

काल रात्री हे वाचून झोप नाही आली. माझ्या मशीनचं झाकण पण दोन सीझन झाले शेडच्या मागं पडलंय. आत्ता काढलं, घासून बघितलं, एका बाजूनं चेपलंय पण बसेल. नट_बोल्ट साहेब, जुनी भोकं मोठी झालीत, बोल्ट आठचे ढिले पडतात. दहाचे टाकू का?

---

नट_बोल्ट | २६ जानेवारी, सकाळी ९:०३

दहाचे टाका, आतून स्प्रिंग वॉशर लावा. आणि बोल्टाची टोकं नटाबाहेर आतल्या बाजूला राहू देऊ नका, काड्या तिथेच अडकतात आणि मग ऑपरेटर पुन्हा झाकण काढतो. जमलं तर पन्हळ पण ९० सेंमीपर्यंत वाढवून घ्या, वेल्डिंगवाला तासाभरात करून देईल.